पंचवीस सेंटचं पुस्तक : अमेरिकेच्या स्वयंपाकघरातल्या कृष्णवर्णीय बायका

सांडगी_मिरची (धागाकर्ती)

मे १८६६. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून जेमतेम वर्ष झालंय. मिशिगन राज्यातल्या पॉ पॉ नावाच्या गावी, तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात एक बारकंसं पुस्तक छापलं गेलं. किंमत पंचवीस सेंट, लेखिका मलिंडा रसेल. कृष्णवर्णीय अमेरिकन बाईने लिहिलेलं, आजवर सापडलेलं हे सगळ्यात जुनं पाककृतींचं पुस्तक. त्याची एकच मूळ प्रत ठाऊक आहे. जॅन लॉन्गोन या जुन्या पाकपुस्तकांच्या संग्राहक-अभ्यासक बाईंमुळे ती उजेडात आली. आता ती मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात आहे आणि २००७ मध्ये तिची जशीच्या तशी आवृत्तीही निघाली.

सुरुवातीला मलिंडाबाईंनी स्वतःची हकिकत दिलीय. ती वाचताना पाककृती बाजूलाच राहतात. जन्म टेनेसीतला, गुलामीत नव्हे, स्वतंत्र घरातला. एकोणिसाव्या वर्षी आफ्रिकेत लायबेरियाला जायला निघाल्या, तर बरोबरच्याच कोणीतरी पैसे लांबवले. व्हर्जिनियात लिंचबर्गला अडकल्या, तिथे स्वयंपाकाची कामं धरली. लग्न झालं, चार वर्षांत नवरा गेला, पदरी एक अपंग मुलगा. टेनेसीत परतून आधी राहण्याजेवण्याची सोय असलेली खाणावळ चालवली, मग पेस्ट्रीचं दुकान. चार पैसे गाठीला लागले. जानेवारी १८६४ मध्ये हत्यारबंद टोळीने तेही लुटले, वर जिवे मारण्याची धमकी. मग मुलाला घेऊन मिशिगन गाठलं. पुस्तक का काढलं हेही आडपडदा न ठेवता सांगितलंय: गावी परत जायला पैसे हवेत म्हणून.

धागा काढायचं कारण असं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जेवणाबद्दल जुनं काहीही वाचा, कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीचं कौतुक ठरलेलं असतं. तिच्या हाताला चव, ती उपजतच सुगरण, तिला माप लागत नाही. ऐकायला गोड, पण या कौतुकात तिचं शिक्षण, तिचा सराव, तिची अक्कल सगळं गायब होतं. हाताची जादू म्हटलं की श्रेय द्यायला नको आणि पगारही. मलिंडा रसेल काय लिहितात बघा: आपण फॅनी स्टीवर्ड या व्हर्जिनियातल्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीकडे शिकलो आणि अमुक छापील पुस्तकाच्या पद्धतीने चालतो. गुरू सांगितला, ग्रंथ सांगितला. आणखी काय हवं?

दुसरं नाव ॲबी फिशर. जन्म दक्षिण कॅरोलिनात, गुलामीत. पुढे अलाबामातल्या मोबीलला आणि तिथून नवरा-मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला. तिथे लोणची-मुरंब्यांचा धंदा काढला आणि १८८० च्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात पदकं मिळवली. १८८१ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, पण त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. येणार कसं? गुलामांना लिहायला शिकवू नये असा कायदाच दक्षिण कॅरोलिनात १७४० पासून होता. फिशरबाईंनी पाककृती तोंडी सांगितल्या आणि शहरातल्या काही बायकांनी उतरवून घेतल्या. पस्तीसेक वर्षांचा स्वयंपाक, लोणच्यांची प्रमाणं, बाळाच्या पथ्याच्या खाण्यापर्यंत सगळं डोक्यात.

तुमच्याकडे भर असेल तर घाला. अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींनी विशेषतः.

चिंचगूळ

छान धागा. मला पहिलं पुस्तक फिशरबाईंचं असंच ठाऊक होतं. रसेल यांच्या पुस्तकात असतं काय पण? तळलेली कोंबडी, मक्याचा ब्रेड वगैरे?

सांडगी_मिरची

@चिंचगूळ, रसेल यांची प्रत सापडेपर्यंत फिशरबाईंचंच पहिलं मानत असत. आणि नाही ना! तिथेच गंमत आहे. रसेल यांचं पुस्तक निम्म्याहून जास्त केक, पुडिंग, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ), मुरंबे यांनीच भरलंय. दुकान पेस्ट्रीचं होतं, तर दुसरं काय असणार? शिवाय काही औषधं, कोलोन वॉटरसुद्धा. कृष्णवर्णीय बाई म्हणजे अमुकच रांधणार हा आपला समज, तिचा दोष नाही. फिशरबाईंच्या पुस्तकात मात्र भेंडीचा गंबो (दाटसर रस्सा) वगैरे दक्षिणी पदार्थ भरपूर आहेत. जांबालाया हा मसालेदार भातही आहे, फक्त उतरवून घेणाऱ्या बायकांनी कानाला ऐकू आलं तसं ‘जंबरली’ छापलंय.

वायंगण

रत्नागिरीकर असल्याने भाताबद्दल लिहिणं भाग आहे.

दक्षिण कॅरोलिनाची श्रीमंती अठराव्या शतकात भातावर उभी राहिली. चार्ल्सटन बंदरातून ‘कॅरोलिना गोल्ड’ नावाचा तांदूळ पुढे युरोपभर जायचा. मळेवाले इंग्रज. इंग्लंडात भात पिकतो का? सेनेगल-गांबियापासून सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावर मात्र खाजणात बांध घालून, खारं पाणी अडवून भात काढायची जुनी परंपरा. तिथून माणसं पकडून आणली, त्यांत भात माहीत असलेली पुष्कळ होती. ज्युडिथ कार्नी या भूगोलाच्या प्राध्यापिकेने २००१ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. तिचा मुद्दा असा की पश्चिम आफ्रिकेत बियाणं निवडणं, पेरणं, कांडणं, पाखडणं ही बरीचशी बायकांची कामं होती, त्यामुळे ते ज्ञानही बायकांबरोबर समुद्र ओलांडून गेलं.

कॅरोलिनात यंत्रं येईपर्यंत सगळा तांदूळ लाकडी उखळीत मुसळाने सडला जायचा. हे काम गुलाम बायापुरुषांनी दिवसभराची शेतातली कामं करून पहाटे नाहीतर रात्री करायचं. जोर जास्त लागला की कणी होते आणि कणीला भाव नाही, म्हणजे हात बेताने पडायला हवा. ज्याने उखळीत भात सडलाय त्याला हे सांगायला नको. पाखडायला आपलं सूप असतं तशी त्यांची गवताची गोल, पसरट टोपली. ती विणायची आफ्रिकन पद्धत तिथल्या गल्ला-गीची या गुलामांच्या वंशजांच्या समाजात अजून टिकून आहे. चार्ल्सटनजवळच्या माउंट प्लेझंटला बायका रस्त्याच्या कडेला बसून त्या टोपल्या विणतात, विकतात. आता पर्यटक दिवाणखान्यात मांडायला नेतात, तो भाग वेगळा.

शंकासुर

लेख चांगला, वायंगण यांचा प्रतिसादही. तरी दोन शंका.

एक, कार्नी यांच्या मांडणीवर २००७ मध्ये एल्टिस, मॉर्गन आणि रिचर्डसन या तीन इतिहासकारांनी जोरदार आक्षेप घेतला होता. गुलामांच्या जहाजांच्या नोंदी तपासून त्यांचं म्हणणं असं की भात पिकवणाऱ्या प्रदेशातली माणसं मुद्दाम निवडून आणल्याचा पुरावा कच्चा आहे. मळेवाल्यांनी प्रयोग करत करत शेती बसवली. शिवाय कॅरोलिनात मुख्यतः पिकला तो आशियाई जातीचा तांदूळ, आफ्रिकन जातीचा नव्हे.

दोन, गंबो घ्या. त्यात फ्रेंच पद्धतीने तुपात परतलेलं पीठ, चॉक्टॉ आदिवासींची सासाफ्रासच्या पानांची पूड, आफ्रिकेकडून आलेली भेंडी. मग तो एकाच समाजाचा कसा? सगळं श्रेय एका पारड्यात घालणं म्हणजे जुन्याच चुकीची उलटी बाजू.

वायंगण

@शंकासुर, आक्षेप माहीत आहे आणि जहाजांच्या आकड्यांपुरता दमदारही आहे. पण उखळ-मुसळ, टोपली, टाचेने खड्डा करून बी टाकून पायानेच माती ओढणं, हे जहाजांच्या नोंदवहीत येत नाही. बियाणं कुठल्या जातीचं आणि ते हाताळण्याची रीत कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न. भात कोणी ‘शोधला’ यावर मी भांडत नाही. तो तांदूळ खाण्याजोगा कोणी केला, एवढंच म्हणतोय.

सांडगी_मिरची

@शंकासुर, गंबोबद्दल सहमत, तो तिघांचाही. पण तिघांचं ते एका भांड्यात आणलं कोणी? चुलीशी उभी कोण होती? मेरी रँडॉल्फ या व्हर्जिनियातल्या प्रतिष्ठित गोऱ्या बाईंच्या १८२४ च्या पुस्तकात भेंडी आहे. गोऱ्यांच्या छापील पुस्तकात ती पोचली ती त्यांच्या स्वयंपाकघरातून, आणि त्या घरात स्वयंपाक गुलाम बायका करत. मुखपृष्ठावर नाव एकीचं.

पोटोमॅककर

व्हर्जिनियातच राहतो. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं माँटिसेलोचं घर पाहायला इथला प्रत्येक देशी पाहुण्यांना घेऊन जातोच. जेफरसनना फ्रेंच जेवणाचा शौक, ही गोष्ट सगळे ऐकवतात. ते जेवण करायचं कोण ते तळघरातल्या स्वयंपाकघरात गेल्यावर कळतं. ईडिथ फॉसेट पंधरा वर्षांची असताना १८०२ मध्ये तिला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी नेलं, ऑनोरे जूलियँ या फ्रेंच शेफच्या हाताखाली शिकायला. चार वर्षांनी फॅनी हर्न आली, तेव्हा अठरा वर्षांची. दोघी गुलाम. जेफरसनची कारकीर्द संपल्यावर दोघींनी माँटिसेलोचं स्वयंपाकघर सांभाळलं. १८२४ मध्ये डॅनियल वेब्स्टर हे राजकारणी तिथे जेवले आणि अर्धं व्हर्जिनियाचं, अर्धं फ्रेंच असं जेवण असल्याचं लिहून ठेवलं. रांधणारीचं नाव लिहायचं मात्र राहिलं. १८२६ मध्ये मालक गेले, डोक्यावर कर्ज. पुढच्या वर्षी लिलाव झाला, त्यात ईडिथही विकली गेली. तिचा नवरा जोसेफ हा उत्तम लोहार, त्याला मृत्युपत्राने मुक्ती मिळाली होती. त्याने हळूहळू कुटुंब सोडवलं, मग मंडळी ओहायोत सिनसिनाटीला गेली. पुढे मुलांनी तिथे केटरिंगच्या धंद्यात नाव काढलं.

तिथल्या तांब्याच्या भांड्यांचे फोटो पुष्कळ लोक काढतात.

खमंग_काकडी

आणि ती पॅनकेकच्या खोक्यावरची आँट जेमायमा? ती खरी बाई होती का? आमच्याकडे तो ब्रँड बदलला मध्यंतरी.

पोटोमॅककर

नाव खरं नाही, गोरे कलाकार तोंडाला काळं फासून करायचे त्या तमाशातल्या गाण्यातून १८८९ मध्ये उचललेलं. पीठही मिसूरीतल्या दोन गिरणीवाल्यांनी तयार केलेलं. पण १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्या नावाने उभी राहून पॅनकेक करणारी बाई खरी, नॅन्सी ग्रीन. केंटकीत गुलामीत जन्मलेली. लोकांची झुंबड उडाली आणि कंपनीचं नशीब फळफळलं. १९२३ मध्ये मोटारीच्या अपघातात ती गेली. शिकागोच्या ओक वुड्स दफनभूमीत तिच्या जागेवर साधा दगड बसायला २०२० उजाडलं. जून २०२० मध्ये कंपनीने ते नाव मागे घ्यायचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी खोक्यावर पर्ल मिलिंग कंपनी आलं. धागाकर्ती म्हणतात त्या ‘उपजत सुगरणी’चं सगळ्यात महागात विकलेलं चित्र हे असं.

टोनी टिप्टन-मार्टिन यांनी कृष्णवर्णीयांची दीडशेहून जास्त पाकपुस्तकं जमवून त्यांवर २०१५ मध्ये ग्रंथ लिहिला, तो नेमका या चित्राला उत्तर म्हणून. जमल्यास बघा.

शेवग्याची_शेंग

कोणी जॉर्जिया गिल्मोरबद्दल लिहिलं नाही अजून? मग मी लिहिते, थोडं लांबेल.

माँटगोमेरी, अलाबामा. डिसेंबर १९५५ मध्ये बसमधली जागा गोऱ्याला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांचा बसवर बहिष्कार सुरू झाला, तो ३८१ दिवस चालला, हे शाळेच्या पुस्तकातलं. पण एवढे दिवस लोक कामावर गेले कसे? मोटारी लावल्या होत्या, स्टेशन वॅगन घेतल्या होत्या. त्यांना पेट्रोल लागतं, टायर लागतात, विमा लागतो. हे पैसे कुठून आले, तर बरेचसे बाहेरच्या देणग्यांतून आणि काही गावातल्याच बायकांच्या चुलीवरून.

गिल्मोर एका भोजनालयात स्वयंपाकीण होत्या, जोडीला सुईणीचं काम, घरात सहा मुलं. बसने त्या आधीच प्रवास बंद केला होता. ड्रायव्हरने पैसे घेऊन मागच्या दाराने चढायला खाली उतरवलं आणि बस तशीच पुढे काढली होती. बहिष्काराच्या सभांमध्ये त्यांनी तळलेल्या कोंबडीची सँडविचेस विकायला सुरुवात केली. मग ओळखीच्या बायका गोळा केल्या. कोणी रताळ्याचे ‘पाय’, कोणी पाउंड केक, कोणी मासे. माल जायचा केशकर्तनालयांत, कपडे धुवायच्या दुकानांत, दारोदार. घेणाऱ्यांत गोरेही असत. यातल्या कितीतरी बायका गोऱ्यांच्या घरी कामाला. नाव फुटलं की नोकरी गेली, भाड्याचं घरही गेलं. म्हणून गटाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असं विचारलं तर सांगायचं, कुठूनच नाही! कोण करतं, कोण घेतं, हे फक्त जॉर्जियाबाईंना ठाऊक. दर सोमवारच्या सभेत त्या उठून जमलेली रक्कम सांगायच्या आणि टाळ्या पडायच्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला इनेझ रिक्स यांनी ‘फ्रेंडली क्लब’ काढला. मग काय, आज कोणाची रक्कम जास्त यावर दोन्ही गटांत चुरस.

मार्च १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात त्यांनी उघड साक्ष दिली. नोकरी गेली. किंग यांनी सुचवलं की घरीच जेवण सुरू करा, भांडीकुंडी घ्यायला मदतही केली. त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती मजूर, वकील, पुढारी सगळे बसायचे, गुप्त खलबतंही तिथेच. पुढे १९५७ मध्ये त्यांच्या मुलाला गोऱ्यांसाठी राखीव बागेतून जाताना पोलिसांनी मारलं, तर बाईंनी शहरावरच दावा लावला. बागा सगळ्यांना खुल्या कराव्या लागतील असं दिसताच शहराने सगळ्याच बंद करून टाकल्या, गोऱ्या मुलांनाही नाही. तो दावा वेगवेगळ्या रूपांत १९७४ पर्यंत चालला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ‘गिल्मोर विरुद्ध माँटगोमेरी शहर’ म्हणून कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात.

चिंचगूळ

कमाल बाई. यावर स्वतंत्र धागा हवा.

शंकासुर

+१. हा प्रतिसाद विशेष आवडला. पण ‘चुलीवरून चळवळ’ असं म्हणताना एक भान असू दे, त्यातल्या बहुतेकींची नावं आजही कोणाला ठाऊक नाहीत.

सांडगी_मिरची

@शंकासुर, ते तर त्यांनी मुद्दामच लपवलं होतं ना!

शेवग्याची_शेंग, मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादावरून प्रेसिडेंट जॉन्सन यांच्या स्वयंपाकीण झेफर राइट आठवल्या. टेक्सासहून वॉशिंग्टनला मोटारीने जाताना वाटेत त्यांना ना कुठे खायला मिळे ना स्वच्छतागृह वापरू देत. शेवटी त्यांनी तो प्रवासच नाकारला. जॉन्सन खासदारांना हा किस्सा सांगून नागरी हक्कांसाठी मतं मागायचे. १९६४ मध्ये कायद्यावर सह्या झाल्या तेव्हा त्यांनी त्यातलं एक पेन राइटबाईंना दिलं.

पुरणयंत्र

न्यू ऑर्लीन्सच्या दोघी राहिल्या.

लीना रिचर्ड यांनी केटरिंग केलं, पाककलेची शाळा काढली आणि १९३९ मध्ये स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापलं. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या मोठ्या प्रकाशकाने ते घेतलं. पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकात त्यांचं नाव होतं, नव्या शीर्षकातून ते गळलं आणि शहराचं तेवढं उरलं. पुढे गोठवलेले तयार पदार्थ दूरच्या गावांना पाठवायचा धंदाही केला. आणि १९४९ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर त्यांचा स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू झाला, आठवड्यातून दोनदा! ज्यूलिया चाइल्ड यांचा प्रसिद्ध कार्यक्रम आला १९६३ मध्ये. ज्या शहरात बहुतेक हॉटेलांत त्यांना ग्राहक म्हणून बसू दिलं नसतं, तिथल्या घराघरांत त्या पडद्यावर गंबो शिकवत होत्या. १९५० मध्ये गेल्या, नाहीतर आणखी काय केलं असतं कोण जाणे.

दुसऱ्या लीआ चेस. सासरचं ‘डूकी चेस’ हे साधं सँडविचचं दुकान त्यांनी पांढऱ्या टेबलक्लॉथचं रेस्टॉरंट केलं. काळे-गोरे एकत्र बसणं कायद्याने गुन्हा होता त्या काळात वरच्या खोलीत चळवळीच्या बैठका व्हायच्या आणि खालून गंबो जायचा. कतरिना वादळात रेस्टॉरंट पाण्यात गेलं, तर ऐंशीच्या पुढच्या वयात त्यांनी ते पुन्हा उभं केलं. ओबामांनी चव न घेताच गंबोवर तिखट सॉस ओतला म्हणून त्यांना दरडावलं होतं. बरोबरच आहे. आमच्या आजीनेही ऐकून घेतलं नसतं.

वायंगण

‘माप लागत नाही’ या मूळ मुद्द्यावर एक. एडना लुइस यांचं १९७६ चं पुस्तक कोणी वाचलंय का? व्हर्जिनियातलं फ्रीटाउन हे मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेलं गाव, वसवणाऱ्यांत त्यांचे आजोबा. १९४९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कॅफे निकल्सनमध्ये त्या रांधायच्या तेव्हा टेनेसी विल्यम्स, ट्रुमन कपोटी असे नामवंत लेखक तिथे जेवायला. तर त्यांच्या लहानपणी बेकिंग पावडर नाण्यावर मोजत. अमुक नाण्यावर मावेल तितकी. आणि केक झाला की नाही ते कान लावून ऐकायचं, आतली चुरचुर मंदावली की काढायचा. माप नाही कसं? माप आहे, फक्त चमचा कंपनीचा नाही.

पुस्तकाची रचनाही बघण्यासारखी, सगळं ऋतूंप्रमाणे. वसंतात काय उगवतं, डुकरं कापायच्या दिवसांत काय करतात. ‘स्थानिक आणि हंगामी खा’ असं अमेरिकन शेफ आता ज्या ऐटीत सांगतात, ते या बाईंनी पन्नास वर्षांपूर्वी एका खेड्याच्या आठवणी म्हणून लिहून ठेवलंय. २०१४ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं.

अवांतर: आपली ज्वारी आणि चवळी दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या, काही हजार वर्षांपूर्वी इकडे आल्या. तीच चवळी गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेतही गेली.

खमंग_काकडी

चवळीचं तिकडे काय करतात?

पोटोमॅककर

हॉपिन जॉन. चवळी आणि भात एकत्र, पारंपरिक कृतीत खारवलेलं डुकराचं मांस. एक जानेवारीला इथे दक्षिणेत घरोघरी होतो, सोबत कॉलर्ड ही पालेभाजी. वर्ष बरकतीचं जातं म्हणतात. आम्ही मांस न घालता करतो. कांदा, सेलरी, सिमला मिरची, लसूण परतायचं, तमालपत्र, थाइम आणि थोडी धुरी दिलेली लाल मिरचीपूड.

खमंग_काकडी

थाइम नाहीये, ओवा चालेल का? आणि चवळी रात्री भिजत घालायची ना?

पोटोमॅककर

ओवा अगदी चिमूट, नाहीतर दुसरं काही लागणारच नाही. चवळी भिजवा, शिजवा, पण बोटचेपी ठेवा. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, तांदूळ त्याच पाण्यात शिजवायचा.